डावीकडची सीट

सतरा उन्हाळे तिने हा रस्ता पाहिला
तो एवढाच:
पुढच्या चाकांपुढचे दोन हात,
आणि उजव्या खिडकीतून वाकून
टायर आणि काठ यांच्यामधली चार बोटं.

नाझिब्रोलाची गाडी जुनी, जपानी,
स्टेअरिंग उजवीकडे.
जॉर्जियात सगळे डावीकडे बसून चालवतात,
पण अबानोच्या खिंडीत अशीच गाडी बरी.
ड्रायव्हरला आपलं मरण स्वच्छ दिसतं
म्हणून ते टळतं,
असं तिचा बाप म्हणायचा.

खाली अलवानीत टपावर सामान आवळताना
ती प्रत्येकाला विचारते,
पिशवीत डुकराचं काही?
वर तुशेतीतल्या देवांना चालत नाही.
हॅम निघतं, सॉसेज निघतं,
एकदा एका जर्मन म्हाताऱ्याकडे
डुकराच्या कातड्याचं पाकीट निघालं
आणि कातडं मोजायचं की नाही
यावर अर्धी सकाळ गेली.
सगळं बेकरीवाल्या मारोच्या फ्रीजमध्ये राहतं.
परत येताना मिळतं. बहुधा.

मग डांबर संपतं, न सांगता.
ओढा रस्त्यावरून जातो
की रस्ता ओढ्यातून, हे ज्याचं त्याने ठरवावं.
मागच्या सीटवर फोन वर होतात.
"जगातला सगळ्यात सुंदर," कुणी म्हणतं,
"सगळ्यात धोक्याचा," म्हणतं दुसरं कुणी,
दोघांचाही सूर तोच.
नाझिब्रोला गिअर बदलते.

एका वळणावर ती थांबते.
दगडात बसवलेला फोटो, टोपीवाला माणूस,
पुढ्यात लोखंडी टेबल, उपडे पेले,
कुणी ना कुणी भरून ठेवलेली बाटली.
ती नुसते ओठ ओले करते,
उरलेली मातीला.
प्रवाशांना वाटतं, फोटोसाठी थांबलोय.
काढतात. छान येतात.
मागे वेपखिया असतो,
तिचा बाप,
थोडा पुसट.

यंदा सप्टेंबरात मनगट मोडलं.
रस्त्याने नाही, घरच्या जिन्याने.
भाचा इमेदा बसला उजवीकडे
आणि ती डावीकडे,
मांडीवर प्लॅस्टरचा हात,
पायाशी कोंबड्यांची टोपली.
लहानपणी यायची ती ट्रकच्या हौद्यातून,
मेंढ्यांमध्ये;
तेव्हा दिसायच्या मेंढ्या.

पहिल्या चढालाच तिचा पाय
नसलेला ब्रेक दाबू लागला.
कोंबड्या ओरडल्या.
आणि मग, भीतीने मान वळवली म्हणून,
तिला दिसलं:
समोरच्या डोंगरावर बर्चची झाडं पिवळी पडलेली,
ढग त्यांच्या खाली,
आणि ढगाच्याही खालून येणारी मेंढ्यांच्या घंटांची किणकिण.
एका काळ्या कड्यावरून पाणी पडत होतं,
सरळ, सावकाश,
कुणाची वाट न बघता.

"हे कधीपासून?"
"काय, आत्या?"
"हे पाणी."
इमेदाने तिच्याकडे पाहिलं.
"रस्त्याकडे बघ!" ती ओरडली.

डोंगर दुरून साजरे म्हणतात.
हा चार बोटांवर होता,
आणि सतरा उन्हाळे
तिने डोळ्यांत तेल घातलं होतं.

वळणावर इमेदा थांबला. पेला भरून तिच्या
चांगल्या हातात दिला.
ती दगडाकडे पाठ करून उभी राहिली,
फोटो बघतो तिकडे बघत.
ढग थोडा सरकला, खाली नदी,
सुईत ओवायला धरावी इतकी बारीक.
बापाने शेवटी काय पाहिलं असेल?
चार बोटं,
की हे सगळं?
पेला मातीला द्यायचा राहूनच गेला.
तिने तो पिऊन टाकला.

ओमालोत पोचल्यावर इमेदाने किल्ली काढली,
कपाळ पुसलं.
"कशी चालवली?"
"इकडेतिकडे फार बघतोस."
कोंबड्यांची टोपली उचलून ती निघाली,
चार पावलांवर थांबली.
"उद्या उतरताना
त्या पाण्यापाशी हळू घे."